घडीमास्तरची करंगळी

पॅराशूटच्या घड्या घालायचा तो हॉल लांबलचक होता आणि त्यात एकही पंखा नव्हता. वाऱ्यानं कापड हलतं म्हणून पंखे कधी बसवलेच नाहीत, आणि धूळ नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद. उकाड्याच्या दिवसांत तिथे माणसं नुसती शिजायची. पण सैन्यानं वैद्यकीय कारणावरून घरी बसवलं, त्या काळात घडीमास्तरला रोज सकाळी जाग यायची ती याच हॉलच्या आठवणीनं. आता हॉल परत मिळाला होता. टेबल तेच, खुंटी तीच, टेबलाच्या कडेला पूर्वी कधीतरी पडलेला ओरखडाही तोच. आणि त्या हॉलमध्ये त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

घडीमास्तर हे काही त्याचं नाव नव्हे, हुद्दाही नव्हे. हुद्द्यानं तो हवालदार. पण नवीन भरती झालेल्यांना त्याचं काम बघायला टेबलाभोवती उभं करायचे, त्यांच्यापैकी कोणीतरी हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की साहेबसुद्धा त्याला मास्तर म्हणू लागले. घरी तो चादरींच्या घड्या घालायचा तेव्हा बायको म्हणायची, विमानातून टाकल्या तरी नीट उघडतील.

हॉलमधली माणसं पॅराशूटला साधं छत्री म्हणत. छत्री टेबलावर पसरायची, दोऱ्या विंचरून सरळ करायच्या, कापडाच्या पाकळ्या एकावर एक रचायच्या. मग सगळं पिशवीत कोंबायच्या आधी डाव्या हातानं घडी दाबून धरायची आणि उजवा हात पाकळ्यांमधून पार आतपर्यंत सरकवायचा. आत डोळा पोचत नाही. एखादी दोरी चुकून कापडावरून पलीकडे गेली असेल तर ती हातालाच लागते, आणि हातातही आधी करंगळीच्या कडेला, कारण आत सगळ्यात पुढे तीच शिरते. दोरी तशीच राहिली तर छत्री हवेत मधोमध आवळली जाते आणि तिच्याखालचा माणूस सरळ जमिनीवर येतो. पोटावर राखीव छत्री असते, पण ती उघडायला उंची शिल्लक लागते आणि डोकंही ठिकाणावर लागतं.

या हॉलची एक जुनी रीत होती. वर्षातून दोनतीनदा साहेब न सांगता यायचे, मांडणीवरच्या तयार छत्र्यांमधल्या एकीवर बोट ठेवायचे, आणि ज्यानं ती घडी घातली असेल त्यानं दुसऱ्या दिवशी तीच पाठीवर बांधून विमानातून उडी मारायची. आपली घडी आपण उतरवायची. त्यामुळे त्या हॉलमध्ये कामचुकार माणूस टिकत नसे, आणि टिकलाच तर फार दिवस नाही.

अपघात झाला तो मात्र जमिनीवर. छत्र्या घेऊन निघालेला ट्रक वळणावर कलंडला आणि मागच्या फळीखाली घडीमास्तरचा उजवा कोपर सापडला. हाड जुळलं. बोटं हलायला लागली. फक्त करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तळव्याची त्या बाजूची कड कायमची मुकी झाली. गरम नाही, गार नाही, खरखरीत नाही, मऊ नाही. डॉक्टरांनी कागदावर सही केली, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि घडीमास्तर भर उमेदीत निवृत्त होऊन घरी आला.

घरी त्याला सगळ्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. आई त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवायची, तो उचलायला लागला की स्वतःच उचलून हातात द्यायची. बायकोचं पुढच्या खोलीत पडदे शिवायचं दुकान होतं आणि ते चांगलं चालत होतं. तो मदतीला बसला तर गिऱ्हाईक हळूच तिला विचारायचं, यांना बरं नाही का. तो समोरच बसलेला असायचा. दार उघडं होतं, कोणी अडवलं नव्हतं, पण बाहेर पडून जायचं कुठे हेच त्याला कळत नव्हतं. दिवसभर कापडं, दिवसभर मशीनची घरघर, आणि मध्ये हा धडधाकट माणूस फुलदाणीसारखा ठेवलेला.

मग सैन्याला घडी घालणारी माणसं कमी पडायला लागली. नव्या तुकड्यांना उड्यांचं शिक्षण सुरू झालं होतं आणि शिकलेली बोटं काही बाजारात मिळत नाहीत. वैद्यकीय कारणानं घरी बसलेल्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी, पास झाले तर परत घेऊ, असा निरोप आला. घडीमास्तरनं तो निरोप वाचला आणि उजवा हात पाठीमागे लपवला. समोर फक्त बायको होती.

युक्ती तिचीच. डॉक्टर डोळे मिटायला लावतात आणि टाचणीनं टोचून विचारतात, कळलं का, हे तिला पहिल्या वेळेपासून ठाऊक होतं. तिनं दुकानातली सुई घेतली, त्याला डोळे मिटायला लावले आणि मुक्या करंगळीवर हलकेच टोचलं. त्याला काही कळलं नाही. पण टोचलं की हात किंचित दबतो आणि तो दाब मनगटाला जाणवतो, हे काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं. आणखी काही दिवसांनी त्याचं मनगट इतकं तयार झालं की सुई कुठल्या बोटावर आहे हेही तो सांगायला लागला. आई बाहेरून विचारायची, एवढं काय चाललंय दार लावून. दोघं नव्या नवरा-नवरीसारखी हसायची. किती तरी दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं होतं.

डॉक्टरांनी टोचलं, यानं अचूक सांगितलं. डॉक्टरांनी निसर्गाची किमया वगैरे काहीतरी म्हटलं आणि शिक्का मारला.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये शिरताना घडीमास्तरचे डोळे भरून आले हे त्यानं कोणाला दिसू दिलं नाही. तपासनीस त्याचा जुना दोस्त, त्याच्याआधी बरीच वर्षं भरती झालेला, आता पोट सुटलेला. त्यानं भर हॉलमध्ये मिठी मारली. त्यानंतर घडीमास्तरनं छत्री पसरली, दोऱ्या विंचरल्या, पाकळ्या रचल्या, आणि हात आत घातला. आत काहीच नव्हतं. दोरी नव्हती असं नाही. त्याच्या हाताला आत कापडच नव्हतं. मनगटाला कुठेतरी दाब कळत होता, पण सुई टोचणं वेगळं आणि मऊ रेशमी कापडात पडलेली सैल दोरी वेगळी. ती काही दाबत नाही, नुसती असते.

त्यानं हात बदलून बघितले. मग उजव्या हातानं घडी दाबून धरायची वेळ आली, आणि घडी कडेनं सुटतेय हे त्या हाताला कळेना. त्यानं चांगल्या बोटांनी चाचपून बघितलं, ती तिथवर पोचत नव्हती. शेवटी तो डोळ्यांत तेल घालून पाकळ्या रचायला लागला, एकेक दोन दोनदा मोजायला लागला, म्हणजे शेवटी हात घालायची वेळ आली तरी आत काही चुकलेलंच नसेल. बहुतेक नसेलच. पण 'बहुतेक' हा शब्द त्या हॉलमध्ये कोणी कधी उच्चारला नव्हता.

त्याची सगळी आशा तपासनिसावर होती. प्रत्येक घडीनंतर तपासनीस येतो, स्वतः आत हात घालतो आणि मगच चिठ्ठीवर शिक्का मारतो, असा नियम. तपासनीस आला, छत्रीकडे न बघता त्यानं शिक्का मारला आणि म्हणाला,

"तुझ्या घडीत काय बघायचं? तुझ्या घडीत हात घालणं म्हणजे तुझा अपमान."

"बघ की एकदा. बऱ्याच दिवसांनी घालतोय," घडीमास्तर म्हणाला.

तपासनीस मोठ्यानं हसला आणि पुढच्या टेबलावरच्या पोराच्या घडीत कोपरापर्यंत हात घालून त्याची खरडपट्टी काढायला लागला. घडीमास्तरला त्या पोराचा इतका हेवा वाटला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

असे दिवस जायला लागले. रोज त्याच्या छत्र्या मांडणीवर चढत होत्या, ट्रकमधून जात होत्या, आणि दुपारी मैदानावरून सगळे सुखरूप उतरल्याचा निरोप येईपर्यंत तो जेवणाचा डबा उघडत नव्हता. सांगावं तर हॉल गेला, इज्जत गेली, आणि डॉक्टरला कसं फसवलं हेही सांगावं लागणार. न सांगावं तर उद्या कोणाची तरी आई दारात बसून रडणार. त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती मशीनवर बसली होती, तिनं पाय थांबवला.

"मग सोडा. सुया मी टोचल्या, माझं नाव घ्या," ती म्हणाली. मग खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही घरी बसलात की मलाच कोंडल्यासारखं व्हायचं. म्हणून सुई हातात घेतली मी. तुमच्यासाठी म्हणून घेतली असं म्हणत होते सगळ्यांना."

त्याला राग आला नाही. उलट वाटलं, या बाईनं निदान स्वतःशी तरी खरं बोलून टाकलं. पण नोकरी सोडायचं त्यानं काही कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखा गणवेशाची इस्त्री मोडू न देता निघाला.

त्याच दिवशी साहेब आले. मांडणीसमोरून एक फेरी मारली आणि बोट ठेवलं ते घडीमास्तरच्या छत्रीवर. हॉलमध्ये खसखस पिकली. मास्तर परत आलाय म्हणून साहेबांनी मुद्दामच त्याची निवडली, हे सगळ्यांना कळत होतं. तो एक प्रकारचा मानच होता. घडीमास्तर मात्र दुसऱ्याच क्षणी इतका मोकळा झाला की त्याला हसू फुटलं. पहिल्यांदाच त्याच्या घडीखाली दुसरं कोणी नव्हतं. चुकलं असेल तर ज्याचं चुकलं त्यालाच भोगायला मिळणार. याहून सोपा हिशेब कुठला?

दुसऱ्या दिवशी विमानाच्या दारात तो स्वतःहून पुढे सरकला. त्यानं उडी मारली, कडी ओढली, वर बघितलं. छत्री पूर्ण, गोल, एकही पाकळी न दुमडता उघडली होती. खाली शेतं, रस्ते, मुंगीएवढी माणसं. त्या हवेत त्याला कोणी पेला उचलून देत नव्हतं, कोणी शिक्का मारत नव्हतं. तो मनापासून रडला, कारण वर ऐकायला कोणीच नव्हतं. जमीन जवळ यायला लागली तसं ती येऊच नये असं त्याला वाटलं.

ती आली. टाळ्या झाल्या, तपासनिसानं त्याला चक्क उचललं. साहेब म्हणाले, मास्तरांच्या हाताबद्दल आता कोणी प्रश्न काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो हॉलमध्ये आला तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गुणगुणत होता. त्याला वाटलं, उगाच भीत होतो. बोटं विसरली असतील, पण मी विसरलेलो नाही. त्या दिवशी त्यानं भराभर घड्या घातल्या, मोजणी एकेकदाच केली, आणि एका पोराला दोऱ्या विंचरायची जुनी खुबीसुद्धा दाखवली.

संध्याकाळ व्हायच्या आत साहेबांनी बोलावलं. तपासनीस या महिन्याअखेर निवृत्त होतोय. त्याच्या जागी मास्तर. शिक्का त्यांच्या हातात. त्यांच्यानंतर कोणी बघणार नाही.

घडीमास्तर सलाम ठोकून बाहेर आला. आतापर्यंत तो एका टेबलाचा होता. आता सगळ्या हॉलच्या छत्र्यांमध्ये शेवटचा हात त्याचाच जाणार होता, आणि तो हात मुका. मैदानावरच्या टाळ्यांनी एवढंच केलं होतं की दार बाहेरून लावून घेतलं होतं. एका छत्रीनं काय सिद्ध होतं? ती एक नीट होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झाल्यावर तो तपासनिसाच्या काचेच्या खोलीत गेला आणि दार लावून सगळं सांगितलं. फक्त सुई कोणी टोचली ते सांगितलं नाही. तपासनीस आधी हसला, मग समजुतीनं बोलायला लागला. नवी जबाबदारी आली की धास्ती वाटतेच, मलाही वाटलं होतं असं. डॉक्टरांनी पास केलंय ना? मैदानावर उतरलास ना?

"टोचून बघ," घडीमास्तर म्हणाला आणि डोळे मिटून हात पुढे केला.

तपासनिसानं टाचणी घेतली. घडीमास्तर गप्प बसला. पण टाचणी टेकली की त्याचं मनगट दर वेळी बारीकसं हलत होतं. शिकवलेलं मनगट आता थांबायचं नाव घेत नव्हतं.

"कळतंय की तुला," तपासनीस म्हणाला. "लेका, जबाबदारी नको तर तसं सांग. नाटकं कशाला?"

खोलीच्या कोपऱ्यात दोऱ्या कापायची पाती होती. दोरीचं टोक उसवू नये म्हणून ती विजेवर तापवतात आणि दोरी कापली जाताना वितळून बंद होते. सकाळपासून तापलेलीच होती. घडीमास्तरनं करंगळी तिच्यावर टेकवली आणि तपासनिसाच्या डोळ्यांत बघत तशीच ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. वास आला तेव्हा तपासनिसानं किंचाळून त्याचा हात ओढला आणि नळाखाली धरला.

बराच वेळ नळ वाहत होता. मग तपासनिसानं काचेवरचा पडदा ओढून घेतला.

"कोणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग आणखी कोणाला सांगू नकोस." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्या सगळ्यांवर माझा शिक्का आहे. मी एकीतही हात घातला नाही. तू उद्यापासून आजारी पड, कोपर दुखतो म्हण. तुझ्या छत्र्या मी हळूहळू मांडणीवरून काढतो, परत घालून घेतो. कोणाला पत्ता लागणार नाही."

"तासाभरात ट्रक जाणार आहे."

"आजवर काही झालं का? नाही ना? मग आजच होईल कशावरून?"

हे बोलणारा माणूस एका सैल दोरीसाठी पोरांना हॉलभर पळवायचा. घडीमास्तर त्याच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, सांगितलं की सुटलो. आता सांगूनही ते या काचेच्या खोलीतच राहणार होतं, आणि कोंडून घ्यायला सोबतीला दोस्त मिळाला होता, एवढाच फरक. त्याला दोस्ताचा रागही आला आणि कीवही आली. आपणच त्याला यात ओढलं, हे त्याला कळत होतं.

तो बाहेर आला आणि मांडणीपाशी गेला. आपली पहिली छत्री खाली घेतली आणि कडी ओढली. कापड भस्सकन जमिनीवर सांडलं. एकदा सुटलेली छत्री पुन्हा घडी आणि पुन्हा तपासणी झाल्याशिवाय कोणाच्या पाठीवर चढत नाही, हे हॉलमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. त्यानं दुसरी घेतली, कडी ओढली. तिसरी घेतली. टेबलांवरचे हात थांबले. भाजलेल्या करंगळीचं पाणी पांढऱ्या कापडाला लागत होतं.

तपासनीस धावत आला, पण घडीमास्तरला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. तो खाली वाकला आणि सुटलेल्या छत्र्यांच्या दोऱ्या चाचपायला लागला. "ही नीट आहे," तो म्हणाला. "बघ, हीही नीट आहे." पुढचीही नीट होती. त्याच्या आवाजात जीव यायला लागला, जवळजवळ आनंद. "सगळ्या नीट आहेत रे, उगाच करतोयस तू हे."

घडीमास्तर कड्या ओढत राहिला आणि एकीत तरी दोष निघावा असं आपल्याला वाटतंय, हे लक्षात येऊन त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली. तरीही तसं वाटायचं थांबेना. एवढं सगळं विनाकारण केलं असेल तर मग काय उरलं?

उडीच्या दुसऱ्या दिवशी, गुणगुणत घातलेल्या छत्र्या आल्या. त्यांतल्या एकीची कडी ओढली तर कापड सांडलं नाही. अर्धवट बाहेर आलं आणि मध्येच आवळून गाठोड्यासारखं अडकून राहिलं. तपासनिसानं बोटांनी दोरी शोधली. ती पाकळ्यांवरून पलीकडे गेली होती. चिठ्ठीवर त्याचाच शिक्का होता.

तो तिथेच कापडात बसला. मग उठला, आणि हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सगळे काम थांबवा. माझा शिक्का असलेली प्रत्येक छत्री खाली घ्या आणि उघडा. ट्रक जाणार नाही. मी साहेबांना सांगून येतो."

पोरं मांडणीकडे धावली. सगळीकडून कापड सांडायला लागलं. घडीमास्तर मध्ये उभा होता. त्यानं समोरची एक दोरी उचलली आणि विचारलं, "दोऱ्या तरी विंचरून देऊ का?"

"नको," तपासनीस म्हणाला. "घरी जा तू."

घडीमास्तरनं दोरी खाली ठेवली आणि तो दाराकडे निघाला. कापड गुडघ्यापर्यंत आलं होतं. कुठल्याही छत्रीवर पाय पडू नये म्हणून त्याला फार हळू चालावं लागलं.